भाडे तासांचे, आशा माशाची: खोल समुद्रातील चार्टर फेऱ्यांचे परीक्षण

खोल समुद्रात गळाने मासे धरण्यासाठी बोट आणि तिच्यावरची माणसे भाड्याने घेणे, म्हणजेच ज्याला सगळीकडे ‘फिशिंग चार्टर’ म्हणतात ती सेवा, मी गेल्या सहा वर्षांत चार वेळा घेतली आहे. त्यांपैकी दोन फेऱ्या पूर्ण दिवसाच्या होत्या, एक अर्ध्या दिवसाची होती आणि एक, माणशी पैसे भरून अनोळखी लोकांबरोबर केलेली, मोठ्या बोटीवरची होती. एका दिवशी एकही मासा मिळाला नाही, एका दिवशी सात तासांपैकी पाच तास मी बोटीच्या कठड्यावर ओणवी होते, एका दिवशी मिळालेला मासा घरी आला नाही आणि एका दिवशी जे घडले त्यासाठी मी पुन्हा तेवढेच पैसे मोजायला तयार आहे. चारांत एक हे प्रमाण वाचणाऱ्याला वाईट वाटेल. परंतु नेमाने जाणाऱ्यांशी बोलल्यावर ते फारसे वेगळे नाही असे माझे मत झाले आहे.

या सेवेविषयी लिहिताना पहिली अडचण अशी येते की आपण नेमके काय विकत घेतले हेच गिऱ्हाइकाला स्पष्ट नसते. जाहिरातीत मासा दिसतो, करारात मात्र तास लिहिलेले असतात. अर्धा दिवस म्हणजे चार ते पाच तास आणि पूर्ण दिवस म्हणजे आठ ते दहा तास असा साधारण हिशेब असतो, आणि तो धक्का सोडल्यापासून पुन्हा धक्क्याला लागेपर्यंतचा असतो. समुद्रबूड जमीन जिथे संपते आणि साधारण दोनशे मीटरवर असलेला तळ एकदम खोल कोसळतो, त्या कडेच्या आसपास मार्लिन, टूना यांसारखे मोठे मासे फिरतात. ती कड किनाऱ्यापासून कुठे तासाभराच्या तर कुठे तीन-चार तासांच्या अंतरावर असते. कड दीड तासावर असेल तर अर्ध्या दिवसाच्या फेरीतले तीन तास जाण्यायेण्यातच संपतात आणि खऱ्या मासेमारीसाठी उरतो तो जेमतेम एक-दोन तासांचा वेळ. हे गणित मी माझ्या पहिल्या फेरीआधी केले नव्हते आणि कोणी करूनही दिले नव्हते. ‘गळ प्रत्यक्ष पाण्यात किती वेळ असेल’ हा प्रश्न विचारला की उत्तर देणारा माणूस कसा आहे हे बरेचसे कळते, असा माझा आता अनुभव आहे.

भाडे इतके का असते, याचे कारण धक्क्यावर उभे राहिले की समजते. दोन मोठी डिझेल इंजिने दिवसभर चालू राहणार, कप्तान आणि किमान एक खलाशी यांचा पूर्ण दिवस जाणार, शिवाय आमिष, बर्फ, तुटणारे गळ आणि तंगूस, आणि खारट पाण्यात सतत दुरुस्ती मागणारी बोट, हा सगळा खर्च मासा मिळो वा न मिळो होतच असतो. म्हणून मासा मिळाला नाही तर पैसे परत मागणे मला रास्त वाटत नाही, आणि ‘मासा नाही तर पैसे नाहीत’ अशी हमी देणाऱ्यांकडे मी संशयाने पाहते, कारण त्या हमीत वीतभर मासाही मासाच धरला जातो.

पहिली पूर्ण दिवसाची फेरी ही त्या रिकाम्या दिवसाची. ट्रोलिंग, म्हणजे आमिषे मागे ओढत बोट चालवत राहण्याची पद्धत, लांबून फार रोमहर्षक वाटते. प्रत्यक्षात तो वाट पाहण्याचा उद्योग आहे. बोट सहा ते नऊ नॉट, म्हणजे ताशी सुमारे अकरा ते सतरा किलोमीटर वेगाने, तासन्‌तास सरळ रेषा आणि रुंद वळणे घेत राहते. दोन्ही बाजूंना आउटरिगर नावाचे लांब बांबूसारखे दांडे बाहेर झुकवलेले असतात, त्यामुळे पाच-सहा दोर एकमेकांत न गुंतता वेगवेगळ्या अंतरावर पसरतात आणि बोटीच्या मागच्या फेसात रंगीत झालरींची आमिषे बुडत-उसळत राहतात. इंजिनाची घरघर, डिझेलचा वास, डोळ्यांवर येणारी चमक आणि पाठीला सतत बसणारे छोटे हिसके, एवढेच पहिल्या तीन तासांत हाती लागते.

तरीही त्या दिवसाबद्दल माझी तक्रार नाही. कप्तान दर काही मिनिटांनी पाण्याच्या तापमानाचा आकडा पाहत होता, कारण उबदार आणि थंड प्रवाह जिथे एकमेकांना घासतात तिथे छोटे मासे जमतात आणि त्यांच्यामागे मोठे येतात. एकदा त्याने क्षितिजावरच्या आठ-दहा पक्ष्यांकडे बोट दाखवून दिशा बदलली. पक्षी सरळ उडत असतील तर ते केवळ प्रवासात आहेत, पण घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली शिकार चालू आहे, हे त्याने मला समजावून सांगितले. दुपारी एक तरंगता ओंडका दिसला तेव्हा त्याच्याभोवती त्याने तीन फेऱ्या मारल्या, कारण उघड्या समुद्रात एवढ्याशा सावलीखालीही माहीमाही नावाचे मासे थांबतात. खलाशाने दिवसभरात आमिषांचा सगळा संच चार वेळा बदलला आणि गळाला शेवाळ लागले की प्रत्येक वेळी दोर आत घेऊन ते साफ केले. ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण शेवाळाची एक दोरी अडकलेल्या आमिषाकडे मासा ढुंकूनही पाहत नाही, आणि गिऱ्हाइकाला ते कळत नसल्यामुळे आळशी खलाशी तसेच तासभर ओढत राहू शकतो. त्या दिवशी हात हलवत परतलो. पण दोन माणसांनी नऊ तास मनापासून केलेले काम मी पाहिले होते आणि खलाशाला वर दिलेली बक्षिशी मला मुळीच जड गेली नाही.

याच्या नेमके उलट अर्ध्या दिवसाच्या फेरीत घडले, आणि या लेखातली माझी मुख्य तक्रार तीच आहे. आम्ही दोघे होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ, आणि पहिला मासा माझा असे निघतानाच ठरले होते. तासाभरात एका रीलने तो प्रसिद्ध करकराट केला, खलाशाने झेप घेऊन रॉड खोबणीतून काढला, दोन हिसके मारून गळ पक्का केला आणि माझ्याकडे न बघताच तो रॉड माझ्या भावाच्या हातात दिला. भावाने संकोचून तो मला दिला, तोवर मी कमरेला पट्टा बांधायला घेतला होता. तो पट्टा माझ्या दुप्पट घेराच्या माणसासाठी बनवलेला असल्याने शेवटच्या छिद्रावरही सैल राहिला आणि रॉडचे बूड पोटावर टेकवून मी अर्धा तास मासा ओढला. त्याचे काळेनिळे व्रण दहा दिवस टिकले. बोटीवर लहान मापाचा एकही पट्टा नव्हता. स्त्रिया आणि मुले गिऱ्हाईक म्हणून येतात, त्यांचे छायाचित्र जाहिरातीत लावले जाते, पण सामान घेताना त्यांचा विचार होत नाही.

या प्रसंगात आणखी एक बारकावा आहे. १९३९ साली स्थापन झालेली ‘इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन’ ही संस्था जगभरातल्या विक्रमांची नोंद ठेवते, आणि तिच्या नियमांचा गाभा असा आहे की मासा लागल्यावर रॉड धरणाऱ्यानेच तो खोबणीतून काढावा, त्यानेच गळ पक्का करावा आणि लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोर, खलाशाच्या हाती येईपर्यंत रॉडला दुसऱ्या कोणाचा हात लागू नये. या कसोटीवर मासा खलाशाचा, निदान निम्मा तरी. विक्रमाशी मला कर्तव्य नव्हते. परंतु ज्या क्षणासाठी माणूस एवढा खर्च करतो तो क्षण, म्हणजे शांत दोर अचानक जिवंत होतो तो क्षण, दुसऱ्यानेच उपभोगला आणि आपल्याकडे उरले ते हमालीचे काम, ही रुखरुख मात्र राहिली. अनेक बोटींवर ही सर्रास पद्धत आहे आणि तिचे कारणही समजण्यासारखे आहे: नवख्या माणसाच्या हातून मासा सुटण्याची शक्यता जास्त, आणि मासा सुटला तर गिऱ्हाईक नाराज. पण निर्णय विचारून व्हायला हवा.

तो मासा पिवळ्या परांचा टूना होता, अंदाजे वीस किलोंचा. टूना मार्लिनसारखा हवेत उड्या मारत नाही. तो सरळ खाली जातो आणि बोटीखाली गोल-गोल फिरत राहतो, आणि तंगूस एकेक वीत मिळवावा लागतो. टूनाच्या शरीरात स्नायूंची उष्णता राखून ठेवण्याची सोय असते, त्यामुळे तो आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि झुंजताना आणखी तापतो. म्हणूनच बाहेर आल्याबरोबर त्याचे रक्त काढून त्याला भरपूर बर्फात घालणे अत्यावश्यक असते. आमचा मासा सुमारे चाळीस मिनिटे उन्हात फळीवर पडून होता, कारण बर्फाची पेटी अर्धी रिकामी होती आणि जे काही होते त्यात खलाशाच्या शीतपेयाच्या बाटल्या होत्या. टूना, माहीमाही यांसारखे मासे वेळेवर थंड केले नाहीत तर त्यांच्या मांसात हिस्टामीन साठते, आणि एकदा साठलेले हिस्टामीन शिजवल्याने नाहीसे होत नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे असा त्रास त्यातून होतो. निघण्यापूर्वी बर्फाची पेटी उघडून पाहावी, हा धडा मी इथे शिकले. पेटी काठोकाठ भरलेली असेल तर ती बोट मासा गांभीर्याने घेते.

पण प्रश्न त्याहून वेगळाच निघाला. धक्क्यावर कप्तानाने दोन लहान तुकडे पिशवीत घालून आमच्या हातात दिले आणि उरलेला मासा बोटीचा असल्याचे सांगितले. हवाईमध्ये ही जुनी आणि उघडपणे चालणारी रीत आहे. तिथे चार्टर बोटीने धरलेला मासा बोटीचा मानला जातो, तो विकून आलेल्या पैशांवर खलाशांचे उत्पन्न अवलंबून असते आणि भाडेही त्या हिशेबाने ठरते. इतर अनेक ठिकाणी मासा गिऱ्हाइकाचा असतो, आणि मार्लिन किंवा सेलफिश तर बहुतेक बोटी सोडूनच देतात. यांपैकी कोणत्याही रीतीला माझा विरोध नाही. माझा आक्षेप असा की आरक्षण करताना, आगाऊ रक्कम भरताना आणि सकाळी बोटीवर चढताना, अशा कोणत्याही वेळी हे आम्हाला सांगितले गेले नाही. सांगितले ते मासा मेल्यानंतर.

माणशी भाड्याच्या मोठ्या बोटीविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्या दिवसाचा बराच भाग मला आठवत नाही. अशा बोटीवर पंधरा ते पन्नास माणसे कठड्याला रांगेत उभी राहतात, बोट एखाद्या खडकाळ जागेवर थांबते आणि सर्व जण शिसे बांधलेले गळ सरळ तळाशी सोडतात. खर्च खासगी बोटीच्या काही अंशानेच येतो आणि काही ना काही मिळण्याची शक्यता पुष्कळच जास्त असते. त्या बदल्यात शेजाऱ्याचा दोर आपल्या दोरात गुंततो आणि सोडवायला वीस मिनिटे जातात. खोलातून झटकन वर आणलेल्या माशांची हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते आणि तोंडातून जठर बाहेर येते, असा मासा नुसता पाण्यात टाकला तर तो पोट वर करून तरंगत मरतो. त्याला वजन लावून पुन्हा खोल नेऊन सोडणारी साधी उपकरणे मिळतात, आणि ती त्या बोटीवर होती ही गोष्ट मला आवडली. माझ्या उजवीकडच्या गृहस्थांनी ओढलेल्या माशाचे फक्त डोके वर आले, बाकीचा शार्कने वाटेतच नेला. त्यावर खलाशी म्हणाला, ‘कर भरला तुम्ही.’

आणि मला बोट लागली. ज्याला कधी बोट लागलेली नाही त्याला ही अवस्था समजावून सांगणे कठीण आहे. कानातला तोल सांभाळणारा अवयव शरीर हलते आहे असे सांगतो, डोळ्यांना समोरची केबिन स्थिर दिसते, आणि या भांडणाचा निकाल मेंदू पोटावर काढतो. त्यामुळे केबिनमध्ये जाऊन आडवे पडावेसे वाटते तेव्हाच बाहेर उघड्यावर, बोटीच्या मध्याजवळ, क्षितिजाकडे पाहत उभे राहणे हिताचे असते. गळाला आमिष लावण्यासाठी खाली मान घालून बारीक काम करणे हा तर रोगाला दिलेला आवतणच आहे. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग होत नाही, ती निघण्यापूर्वी तासभर तरी पोटात जायला हवी. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते, आणि ती सर्वांना चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. खासगी बोट असेल तर कप्तानाला परत फिरवायला सांगता येते, अर्थात पैसे परत मिळत नाहीत. माणशी भाड्याच्या बोटीवर तुमच्या एकटीसाठी उरलेल्या तीस जणांचा दिवस कोणी मोडत नाही, आणि मोडूही नये.

त्या दिवशी अंदाज ‘दीड मीटर लाटा’ असा होता आणि तो ऐकून मी निर्धास्त होते. हवामानाच्या अंदाजातला हा आकडा सर्व लाटांतल्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो, म्हणजे अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची लाटही येऊ शकते, हे मला नंतर कळले. त्याहून महत्त्वाचे दोन लाटांमधले अंतर. बारा सेकंदांनी येणारी दीड मीटरची लाट बोटीला पाळण्यासारखी उचलून खाली ठेवते. तीच लाट पाच सेकंदांनी आली तर ती बोटीला आपटते. आमची पाच सेकंदांची होती. बोफर्ट मापनावर चौथ्या पायरीचा, म्हणजे अकरा ते सोळा नॉटचा वारा सुटला की पांढरे तुरे सर्वत्र दिसू लागतात, आणि हौशी माणसासाठी मजेची हद्द माझ्या मते तिथेच संपते. फेरी रद्द करण्याचा अधिकार बहुतेक करारांत कप्तानाकडे असतो आणि त्याने रद्द केली तर आगाऊ रक्कम परत मिळते किंवा दुसरी तारीख मिळते. मात्र तुम्ही घाबरून रद्द केली तर ती जाते. जो कप्तान आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करून ‘जाता येईल, पण तुम्हाला आवडणार नाही’ असे सांगतो त्याच्याकडे पुन्हा जावे.

सुरक्षेबाबत फार लिहीत नाही, कारण तिथे तडजोडीला जागाच नाही: प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाला संकटाचा संदेश पाठवणारे यंत्र बोटीवर आहे का, हे विचारावे आणि दाखवा म्हणावे. कप्तानाचा परवाना किती माणसांसाठी आहे हेही पाहावे. अमेरिकेत ज्या परवान्यावर जास्तीत जास्त सहाच प्रवासी नेता येतात, त्याला बोलीभाषेत ‘सिक्स पॅक’ म्हणतात. अशा बोटीवर सातवा माणूस घ्यायला तयार होणारा कप्तान बाकीच्या नियमांचे काय करत असेल, याचा विचार करावा.

आता चौथी फेरी. तिची सुरुवात एका प्रश्नाने झाली. धक्का सोडण्याआधी कप्तानाने विचारले, ‘मासा लागला तर रॉड कोण काढणार, तुम्ही की आम्ही?’ मी काढणार म्हटल्यावर त्याने पुढचा अर्धा तास मला शिकवण्यात घालवला, आणि तो वेळ आमच्या तासांत धरला नाही. तीस पौंडांच्या दोराचा ड्रॅग, म्हणजे रीलमधला रोध, ताणकाटा लावून त्याने माझ्यासमोर दहा पौंडांवर बांधला. दोराच्या ताकदीच्या साधारण एक-तृतीयांश रोध ठेवला की मासा दोर तोडण्याऐवजी ओढत नेतो आणि दमतो. रोध लावणारा स्क्रू आपण घाबरून आवळतो आणि त्याच क्षणी दोर तुटतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही, असे त्याने मला तीनदा बजावले. इथे लहान मापाचा पट्टाही होता.

आमिषाला त्यांनी वर्तुळाकार गळ लावले होते. या गळाचे टोक सरळ वर न राहता आत दांडीकडे वळलेले असते. मासा आमिष गिळून दूर जाऊ लागला की गळ घशात न रुतता सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, त्यामुळे सोडलेला मासा जगण्याची शक्यता पुष्कळ वाढते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील बिलफिश, म्हणजे मार्लिन, सेलफिश यांसारख्या लांब चोचीच्या माशांच्या, स्पर्धांत नैसर्गिक आमिषाबरोबर हाच गळ वापरण्याची सक्ती २००८ पासून आहे. अडचण एवढीच की या गळाला हिसका चालत नाही. दोर सुटा सोडायचा, मनात आकडे मोजायचे, मग रोध हळूहळू चढवायचा आणि दोर ताणला जाऊ द्यायचा. पहिल्या वेळी काळी सावली आमिषामागे उठली, दोर अंगठ्याखालून पळू लागला आणि मी दोनपर्यंत मोजून सवयीने हिसका मारला. आमिष रिकाम्या तोंडातून निसटून आले. कप्तान वरून काही बोलला नाही. खलाशाने नवे आमिष लावले आणि ‘पुढच्या वेळी पाचपर्यंत’ एवढेच म्हणाला.

पुढची वेळ दोन तासांनी आली. मी पाचपर्यंत मोजले, आणि दोर भरला. भरला हाच शब्द योग्य आहे, कारण रॉड वाकण्याआधी एक क्षण हातात वजन उतरते आणि ते वजन आपले नसते. मग सेलफिश साठ-सत्तर मीटरवर पाण्याबाहेर आला, शेपटीवर उभा राहिला, पाठीवरचे निळे शीड पूर्ण उघडून त्याने डोके झटकले आणि पुन्हा आत गेला. असे त्याने नऊ वेळा केले. मोजत भाऊ होता, मला मोजण्याचे भान नव्हते. वीस-बावीस मिनिटांनी खलाशाच्या हातमोज्यात लीडर आला तेव्हा माझे हात कोपरापासून खाली थरथरत होते. खलाशाने चोच धरून माशाला पाण्यातच ठेवले आणि कप्तानाने बोट अगदी सावकाश पुढे सरकवत ठेवली, म्हणजे वाहते पाणी माशाच्या उघड्या तोंडातून कल्ल्यांवर जात राहील. छायाचित्रही मासा पाण्यातच ठेवून घेतले. पाठीवर एक छोटी खूणचिठ्ठी टोचली. अमेरिकेतील वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ फ्रँक मॅथर यांनी १९५४ साली हौशी मच्छीमारांच्या मदतीने अशी नोंद सुरू केली होती, आणि हजारो मैल प्रवास करणाऱ्या या माशांचे मार्ग कळण्यास अशा चिठ्ठ्यांची मोठी मदत झाली. आमचा सेलफिश आधी फिक्कट तपकिरी दिसत होता; पाण्याचा जोर लागल्यावर त्याच्या अंगावरच्या निळ्या पट्ट्या परत उमटल्या, त्याने एकदा शेपूट हलवली आणि खलाशाने हात सैल केला.

एवढे सगळे लिहूनही ही सेवा मी सरसकट सुचवत नाही. ज्यांना घरी नेण्यासाठी मासाच हवा आहे त्यांनी बाजारातून घ्यावा, तो स्वस्त पडतो. आणि मोठ्या मार्लिनच्या मांसात पारा जास्त असतो, तेव्हा तो पाण्यात परत गेल्याने ताटाचे काही बिघडत नाही. लहान मुलांना पहिल्यांदाच दहा तासांच्या फेरीवर नेऊ नये. विक्रमी आकाराच्या गप्पा ऐकून जाणाऱ्यांनी तर एक आकडा लक्षात ठेवावा: १९५३ साली पेरूमधील काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी १५६० पौंडांचा, म्हणजे सुमारे सातशे सात किलोंचा काळा मार्लिन धरला, आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ हजारो बोटी रोज बाहेर पडत असूनही त्या जातीचा तो विक्रम मोडलेला नाही. दोन-तीन कुटुंबांनी खासगी बोट वाटून घेतली तर खर्च बराच सुसह्य होतो, मात्र रॉडच्या पाळ्या किनाऱ्यावरच चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, अन्यथा नाती तुटतात.

एक छोटी सूचना जाता जाता. मासा धरून धक्क्यावर उतरलेला माणूस कशालाही हो म्हणण्याच्या मनःस्थितीत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी खलाशी माशाची फायबरग्लासची प्रतिकृती करून देण्याविषयी बोलू लागतो. ती बनवायला खरा मासा लागत नाही, लांबी-रुंदी आणि छायाचित्र पुरते, आणि ऑर्डर मिळाली तर सांगणाऱ्याला त्यातले काही मिळते. आमच्या खलाशानेही विचारले. मी त्याला दुसऱ्या दिवशी कळवते म्हणाले, आणि रात्री भावाने टेप काढून भिंती मोजल्या. सेलफिश साडेसात फुटांचा होता आणि घरातली सर्वांत लांब मोकळी भिंत सहा फुटांची निघाली.